पुढचे ब्रेक पॅड घरी बदलायचे तर

चाकाच्या जाळीतून टॉर्च मारून मी बाहेरचा ब्रेक पॅड पाहिला तेव्हा तो अर्धा शिल्लक दिसत होता. अजून सहा महिने सहज जातील असं वाटलं. आवाज मात्र थांबेना. ब्रेक दाबला की डाव्या चाकातून बारीक ‘चीं’ यायची, आणि आठवडाभरात तिच्या जोडीला खरखर आली. शेवटी चाक उतरवलं, कॅलिपर (दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा जबडा) वर उचलला आणि आतला पॅड हातात घेतला. त्याच्यावर लायनिंग, म्हणजे पॅडचा झिजणारा थर, उरलंच नव्हतं. पाठीची लोखंडी पट्टी थेट डिस्कवर घासत होती आणि डिस्कच्या आतल्या अंगाला तबकडीवर असतात तशा रेघा पडल्या होत्या. एकाच कॅलिपरमधले दोन पॅड, बाहेरचा निम्मा आणि आतला संपलेला. कारण अगदी छोटं होतं. कॅलिपर ज्या पिनेवर सरकतो ती पिन गंजून अडकली होती.

तेव्हापासून पुढचे पॅड मी स्वतः बदलतो. हाताला सवय असेल तर काम अवघड नाही, पण ब्रेकच्या कामात ‘चालून जाईल’ म्हणून काहीच सोडता येत नाही. आधी हा लेख पूर्ण वाचा, मग गाडीची पुस्तिका वाचा आणि पहिल्या वेळी हे काम आधी केलेला माणूस शेजारी उभा करा. सुट्टीची अख्खी सकाळ हाताशी ठेवा. संध्याकाळी गावाला निघायचं असेल त्या दिवशी हे काम काढू नका.

कुठवर हात घालायचा

स्विफ्ट, वॅगनआर, आय टेन अशा आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याचं साधारण ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात आणि पुढचे पॅड लवकर झिजतात. घरी करण्यासारखं काम ते एवढंच: पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलणं, कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावणं आणि डिस्क तपासणं. यात ब्रेक ऑइलची लाइन कुठेच उघडावी लागत नाही, म्हणूनच ते घरी करता येतं. लाइन उघडली की आत हवा शिरते. ती ‘एअर’ नीट काढली नाही तर पेडल स्पंजासारखं लागतं आणि हवं तेव्हा ब्रेक लागत नाही.

त्यामुळे पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, होजला (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीला) भेगा असतील, चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल किंवा ब्रेकचा वा एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा विझत नसेल, तर घरी काही उघडू नका. गाडी चालवतही नेऊ नका, टो करून गॅरेजला न्या. मागचे ड्रम मी घरी उघडत नाही. त्यातल्या स्प्रिंगा ताणलेल्या असतात, शिवाय हँडब्रेकचं अ‍ॅडजस्टमेंट तिथेच असतं. बटणावर चालणारा हँडब्रेक ज्या गाडीला आहे तिचे मागचे पॅड तर स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये घेतल्याशिवाय हलवायचेच नाहीत, नाहीतर कॅलिपरमधली मोटर कामातून जाते.

पॅड बदलायची वेळ कशी ओळखायची? नव्या पॅडवर साधारण १० मिलिमीटर लायनिंग असतं आणि ३ मिलिमीटर उरलं की तो बदलायचा. आत्ताची एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, जवळपास तेवढी जाडी होते. मोजायचं ते फक्त लायनिंग, मागची लोखंडी पट्टी धरायची नाही. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक वाकडी जीभ असते. लायनिंग संपत आलं की ती डिस्कला टेकते आणि ‘चीं’ आवाज करते. ती सूचना असते. खरखर सुरू झाली याचा अर्थ सूचनेची वेळ टळून गेली. आणि नुसता बाहेरचा पॅड पाहून निकाल देऊ नका. चाक काढल्यावर कॅलिपरच्या मधल्या फटीतून आतला पॅडही दिसतो, तो पाहिल्याशिवाय तपासणी झाली असं म्हणू नका.

सामान

पॅड नेहमी पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, म्हणजे चार पॅडचा संच. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असेल तर ब्रेक दाबताना गाडी एका अंगाला ओढते. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस, नाहीतर गावातलं नेहमीचं स्पेअर पार्टचं दुकान, कुठूनही घ्या. पण मॉडेल, वर्ष आणि शक्य तर चासी नंबर सांगून घ्या, आणि पक्कं बिल घ्या. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलमध्ये पॅडचा आकार बदललेला असू शकतो. ब्रेकच्या पार्टमध्ये नकली माल असतो. नेहमीच्या भावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर तो पॅड घेऊ नका.

पॅडबरोबर ब्रेक क्लीनरचा एक स्प्रे, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस आणि ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा आणा. साधं चासी ग्रीस इथे चालत नाही, त्याने पिनांची रबरी बुटं फुगतात आणि पिन आणखी घट्ट बसते. माझ्या गाडीची पिन अडकली त्याला आधी कुणीतरी लावलेलं साधं ग्रीसच कारण होतं, असं मला ती फुगलेली बुटं पाहून वाटलं.

हत्यारांत व्हील पाना, रिंग पाने आणि सॉकेट (कॅलिपरच्या बोल्टला बहुधा १२ किंवा १४ नंबर लागतो), एक चपट्या तोंडाचा पाना, मोठा सी क्लॅम्प, वायर ब्रश, जाड तार, मास्क आणि हातमोजे. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना) नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून एक दिवसासाठी मागून आणा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे दोन जॅक स्टँड, उचललेली गाडी पेलून धरणारे लोखंडी आधार. गाडीच्या डिकीतला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात, पाय किंवा डोकं घालायचं नाही. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक तर मुळीच नकोत, ते भार पडल्यावर न सांगता फुटतात.

जागा आणि जॅक

सपाट, कडक काँक्रीटची जागा निवडा. सोसायटीच्या उतारावर, मातीवर, पेव्हर ब्लॉक हललेल्या पार्किंगमध्ये किंवा पावसाने भुसभुशीत झालेल्या अंगणात गाडी उचलू नका. घाटातून नुकती उतरलेली गाडी लगेच उघडायची नाही, डिस्क हाताची कातडी सोलेल इतकी तापलेली असते. तासभर तरी थांबा. लहान मुलांना तेवढा वेळ घरात ठेवा.

हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि ती जमिनीवरच राहणार आहेत, म्हणून पुढची बाजू उचलणं तुलनेने सोपं. आता गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट पाव आटा सैल करा. गाडी हवेत असताना घट्ट नटाशी जोर लावला तर ती स्टँडवरून हलते. मग पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेखालीच जॅक लावून गाडी उचला. स्टँड कुठे टेकवायचा तेही पुस्तिकेत पाहा. चासीच्या भक्कम भागाखाली तो सरकवा आणि गाडी हळूच त्यावर उतरवा. बंपरला धरून हलवून बघा. इथे डगमगली तर पुन्हा खाली घ्या आणि नव्याने लावा. उतरवलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड निसटला तरी गाडी त्या चाकावर येते, माणसावर येत नाही.

एका वेळी एकच बाजू उघडा. गोंधळ झाला तर दुसऱ्या बाजूला जाऊन बघता येतं. उघडण्याआधी मोबाइलवर तीन-चार फोटो काढून ठेवा: जीभ वर आहे की खाली, क्लिपा कशा बसल्यात, होज कुठून वळतो.

कॅलिपर उघडताना

स्टीअरिंग वळवून कॅलिपरची पाठ बाहेरच्या बाजूला आणा. मागे दोन बोल्ट दिसतील. बऱ्याच गाड्यांत खालचा एक काढला की कॅलिपर वरच्या पिनेवर दारासारखा उघडतो. बोल्टबरोबर पिनही फिरू लागली तर तिचा चपटा भाग चपट्या पान्याने धरा. कॅलिपर पूर्ण काढावा लागला तर तो तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा. होजवर लटकू द्यायचा नाही, बाहेरून धड दिसणारा होज आतून फाटतो. एबीएसची बारीक वायर जवळूनच जाते, तिला ताण नको. आणि इथून पुढे ब्रेकच्या पेडलवर कुणाचाही पाय पडता कामा नये, कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन बाहेर येईल. मी ड्रायव्हरच्या सीटवर एक पाटी ठेवतो, आणि घरातल्यांना सांगूनही ठेवतो.

जुने पॅड काढले की फेकू नका. चारही पॅड ओळीने मांडा आणि वाचा. आतला आणि बाहेरचा सारखे झिजले असतील तर सगळं ठीक आहे. आतला जास्त झिजला असेल तर पिना अडकल्यात किंवा पिस्टन नीट मागे येत नाही. पॅड पाचरीसारखा, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झिजला असेल तर दोनपैकी एक पिन धरते आहे. डावा-उजवा फरक मोठा असेल तर एका बाजूचा कॅलिपर नीट काम करत नाही. ही कारणं दूर न करता नुसते नवे पॅड घातले तर तेही तसेच झिजणार. गॅरेजमध्ये घाईच्या दिवशी ही पाहणी राहून जाते. घरी काम करण्याचा मला वाटणारा खरा फायदा हाच आहे.

धूळ झटकू नका, फुंकू नका, हवेचा पाइप तर मारूच नका. जुन्या किंवा हलक्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो आणि नसला तरी ती धूळ फुप्फुसात जायला नको. मास्क लावा, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

डिस्कवर नखाची कड फिरवा. नख अडकेल अशा खोल रेघा असतील, काठाला ठळक कंगोरा आला असेल किंवा बारीकही तडा दिसला तर पुढे जाऊ नका. डिस्कच्या मधल्या भागावर किंवा कडेला तिची किमान जाडी ठोकलेली असते. व्हर्नियरने मोजा. त्या आकड्याच्या आत आली असेल तर टर्निंगही (लेथवर तासून सपाट करणं) करायचं नाही, दोन्ही बाजूच्या डिस्क नव्या घ्यायच्या. माझ्या त्या रेघांच्या डिस्कची तीच गत झाली. पॅडच्या पैशांत भागलं असतं तिथे डिस्कचा खर्च वाढला.

पिना आणि पिस्टन

आता या कामाचा गाभा. दोन्ही पिना बुटातून ओढून काढा. चांगली पिन बोटांच्या जोराने येते. जुनं ग्रीस पूर्ण पुसून टाका. गंजाचे डाग बारीक पॉलिश पेपरने निघाले तर ठीक, खड्डे पडले असतील तर पिन बदला. बूट फाटलेला असेल तर तोही बदला, कारण त्यातूनच पाणी आत गेलेलं असतं. कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला राहणाऱ्यांनी हे दरवर्षी पावसाळा संपल्यावर पाहावं. खारी हवा आणि पाऊस मिळून पिना फार लवकर धरतात. सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावून पिन परत घाला आणि पुढे-मागे सरकवून बघा. मऊ, सलग सरकली पाहिजे. दोन पिना एकसारख्या दिसल्या तरी काही गाड्यांत एकीच्या टोकाला रबर असतं, त्यांची अदलाबदल करू नका.

नवा पॅड जाड असतो, म्हणून बाहेर आलेला पिस्टन मागे ढकलावा लागतो. आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण सैल करा आणि भोवती फडकं गुंडाळा. पिस्टन मागे गेला की ऑइल टाकीत वर येतं. पॅड झिजत गेल्याने पातळी खाली गेली म्हणून कुणी मध्येच वरून भरलं असेल, तर आता ते ओसंडून वाहील. पातळी वरच्या खुणेला असेल तर नव्या, कोरड्या सिरिंजने थोडं काढून घ्या. हे ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवा, त्यावर सी क्लॅम्प लावा आणि सावकाश आवळा. अर्धा आटा, थांबा, पुन्हा अर्धा. पिस्टन सरळ आत जातोय ना, भोवतीचं रबर चिमटीत येत नाही ना, हे पाहत राहा. घट्ट लागला तर जोर वाढवायचा नाही. अडकलेला पिस्टन किंवा त्याच्या कडेला दिसलेली ओल म्हणजे सील गेलं, ते काम गॅरेजचं.

नवे पॅड

पॅडचे कान ज्या खाचांत बसतात तिथला गंज वायर ब्रशने साफ करा आणि संचासोबत आलेल्या नव्या क्लिपा लावा. पॅड हाताने सरकत बसला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवलेला पॅड परत मागे येत नाही, डिस्कला चिकटून राहतो आणि तापतो. कानांना आणि पाठीच्या पट्टीला ग्रीसचा अगदी पुसट हात द्या. लायनिंगवर किंवा डिस्कवर ग्रीसचा थेंबही नको. बोट लागलंच तर ब्रेक क्लीनरने लगेच पुसा. लायनिंगने तेल प्यायलं तर तो पॅड बाद समजा, घासून सुधारत नाही. हे अनेकांना पटत नाही आणि नवा पॅड टाकायला जीव होत नाही, तरी बाद म्हणजे बाद.

कॅलिपर खाली आणा, बोल्ट हाताने आटे लागेपर्यंत फिरवा आणि मग पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा. होजला पीळ पडला नाही ना, ते फोटोशी जुळवून बघा. डिस्क हाताने फिरवा, पॅडचा हलका स्पर्श चालेल, जड फिरली तर काहीतरी तिरकं बसलंय. चाक लावताना नट हाताने भरा, ताऱ्याच्या आकारात समोरासमोरचे आवळा, गाडी खाली घ्या आणि मग शेवटचा टॉर्क द्या. छोट्या गाड्यांत तो साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो, पण तुमच्या पुस्तिकेतला आकडाच खरा. पान्यावर उभं राहून आवळू नका, त्याने स्टड ताणले जातात. मग दुसरी बाजू, याच क्रमाने.

गाडी हलवण्याआधी

पिस्टन मागे ढकललेला आहे. पॅड आणि डिस्कमध्ये फट आहे. या क्षणी गाडी सुरू करून गिअर टाकला तर पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर पेडल थेट तळाला जाईल आणि गाडी थांबणार नाही. घरी काम करणाऱ्यांची सगळ्यांत धोकादायक चूक हीच, आणि सगळं नीट केलेल्या माणसाकडूनही ती होते, कारण काम संपल्याच्या आनंदात तो थेट चावी फिरवतो. म्हणून इंजिन बंद ठेवून पेडल सावकाश पंप करा. पहिले काही झटके पोकळ जातील, मग ते वर येऊन कडक होईल. कडक झाल्यावर अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली गेलं तर गाडी हलवू नका. नंतर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जाऊन थांबलं म्हणजे ब्रेकचा बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) काम करतोय.

आता टाकीतली पातळी बघा. कमी असेल तर टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच ऑइल घाला, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. सिलिकॉनचं डॉट ५ यात कधीही मिसळायचं नाही. उघडा पडून राहिलेला जुना डबाही वापरू नका. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते हवेतली ओल शोषून घेतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरल्यावर दर्जाची हमी १५५ अंशांपुरतीच उरते. आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की चाकाजवळचं ऑइल तापतं, उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते तेव्हा ब्रेक लागतच नाही. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल गॅरेजमध्ये बदलून घ्या, आणि घाट खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या ओढीवर उतरा.

पार्किंगमध्येच माणसाच्या चालीने गाडी पुढे घ्या आणि ब्रेक दाबा. मागे घ्या, पुन्हा दाबा. मग रिकाम्या, सरळ रस्त्यावर ५० च्या वेगावरून १५-२० पर्यंत बेताने ब्रेक लावत आणा आणि पूर्ण न थांबता परत वेग घ्या. मध्ये अर्धा किलोमीटर तरी थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा केलं की लायनिंगचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो आणि ब्रेक चांगला धरू लागतो. थोडा वास येईल, तो जातो. पॅड बनवणाऱ्याने वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. पहिले २००-३०० किलोमीटर अंतर राखून चालवा, आणि भरलेली गाडी घेऊन घाटात जाऊ नका.

घरी परतल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्या, रिमला लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच जास्त गरम असेल तर त्या बाजूचा पॅड सुटत नाही, पुन्हा उघडावं लागेल. ५० किलोमीटर झाल्यावर गाडी थंड असताना चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. मग गाडीच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर तारीख, किलोमीटर आणि चारही जुन्या पॅडची उरलेली जाडी लिहून ठेवा. पुढच्या वेळी उघडताना पहिल्यांदा तेच पान पाहायचं.